कुमुदिनीची नाव

कुमुदिनीनं पहिलं पाऊल नावेत टाकलं आणि मी पुस्तक मिटलं.

"उद्या," मी म्हटलं.

ओळीतल्या सगळ्या बायांचे हात थांबले. झुंबरबाईनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गोष्टीत नदीला पूर, पलीकडच्या घाटावर जयवंत ताटकळत उभा, मागे इनामदाराची माणसं मशाली घेऊन निघालेली, आणि ही म्हणे उद्या. भरल्या ताटावरून माणसाला उठवायची ही कुठली रीत, असं तिचं म्हणणं. मी घशाकडे बोट दाखवलं, आणि तसंही माल मोजून घ्यायची वेळ झालीच होती.

सिन्नरच्या त्या विडीच्या कारखान्यात रेडिओ यायच्या आधीची ही गोष्ट. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटाला दोरा. विड्या वळताना डोळे आणि हात कामात गुंतलेले, पण कान रिकामे. रिकाम्या कानांत भांडणं शिरतात हे कारखान्याचा हिशेब बघणाऱ्या दिवाणजींनी अनुभवानं ओळखलं होतं. म्हणून बायांत कुणी वाचणारी निघाली, की आपल्या कपाटातलं एखादं पुस्तक काढून ते तिच्या हातात द्यायचे. त्या वेळी वाचणारी म्हणजे मी, शेवंता. सातवी पास, आणि जिभेला हाड नाही अशी गावभर ख्याती. वाचत असताना माझं काम राहायचं, म्हणून निघताना प्रत्येक बाई आपल्यातल्या मूठभर विड्या माझ्या सुपात टाकायची. गोष्ट रंगली की मूठ मोठी व्हायची. झुंबरबाई तर तोंडावर सांगायची, आज त्या जयवंताच्या बापानं लई भाषण केलं, आज चिमूटच मिळेल.

पुस्तकाला पुठ्ठा नव्हता आणि सुरुवातीची काही पानं गळून गेली होती, त्यामुळे त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही आपलं कुमुदिनीचं पुस्तक म्हणायचो. कुमुदिनी ही इनामदारांची बालविधवा सून आणि जयवंत हा गावात नवा आलेला मास्तर. अर्धं पुस्तक होईपर्यंत ती दोघं एकमेकांकडे नुसती बघत होती. तेवढ्या वेळात माझी चार लेकरं झाली असती, असं झुंबरबाई म्हणायची. पण ऐकताना डोळ्याला पदर लावण्यात तीच पहिली असायची.

त्या संध्याकाळी फाटकाशी कौशीनं माझा हात धरला आणि मला भिंतीकडेला नेलं.

कौशी माझ्या शेजारी बसायची. ठकूबाईची एकुलती एक लेक. नवऱ्यानं तिला दोन वर्षं नांदवली आणि मग टाकली. पंचांसमोर काडीमोड झाली आणि ती आईकडे परत आली. ठकूबाई स्वतः ऐन विशीत विधवा झालेली, कौशी तेव्हा अंगावर पीत होती. दोघी मायलेकी एका खोलीत राहायच्या, एका कारखान्यात विड्या वळायच्या, आणि ठकूबाईच्या तोंडून दिवसाकाठी चार शब्द निघाले तरी फार झाले.

कारखान्याच्या कोपऱ्यावर सोपानची पिठाची गिरणी होती. त्याची बायको बाळंतपणात गेली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. कौशी त्याच्याकडे दळण न्यायची. आता दोन बायांच्या घराला दळण लागणार किती? पण ही आज बाजरी, उद्या ज्वारी, परवा हरभऱ्याची डाळ अशी थोडं थोडं करून रोज हजर. सोपानही तिची टोपली रांगेतून पुढे घ्यायचा, आणि मागच्या बाया चरफडत उभ्या राहायच्या. सगळ्या गावाला कळलं होतं, फक्त ती दोघं समजत होती की कुणाला कळलेलं नाही.

सोपाननं तिला पाटाचं विचारलं होतं. आमच्यात बाईचं दुसरं लग्न चालतं, त्याला पाट म्हणतात. पण तो चोरीचा मामला असल्यासारखा. वाजंत्री नाही, मांडव नाही, दिवस मावळल्यावर चार माणसांत उरकायचा आणि सवाष्णींनी तिकडे पाठ करून बसायचं. ठकूबाईला तेवढंही मान्य नव्हतं. एकदा धुतलेली हळद पुन्हा चढत नाही, एवढंच ती म्हणायची आणि विषय संपवायची.

"मी त्याला सांगितलंय," कौशी म्हणाली, "पुस्तक संपलं का जबाब देते. कुमुदिनीला जयवंत मिळाला तर व्हय. नाय मिळाला तर मपल्या नशिबातच नाय."

मी तिला वेड्यात काढलं. कौल देवाला लावतात, पुस्तकाला लावलेला कुणी ऐकलाय का?

"देवाला बी लावला. एकदा उजवा दिला, एकदा डावा दिला. त्याचंच ठरंना." ती हसली नाही. "पुस्तकात कसं, एकदा छापलं ते छापलं. त्यात कुनाची लबाडी नाय."

आईचं काय, म्हणून विचारलं, तर म्हणाली, आई एका शब्दात कबूल झाली. पुस्तक म्हणेल ते मला मान्य, असं म्हणाली. हे मात्र मला नवल वाटलं. कोथिंबिरीची जुडी घेतानासुद्धा ठकूबाई एका शब्दात कबूल होत नसे.

घरी गेले ती उंबऱ्यातच बसले आणि उरलेली पानं उजेड आहे तोवर वाचून काढली.

कुमुदिनी बुडाली होती. ऐन मध्यावर, दोन्ही काठांना ताणलेला नावेचा दोर तुटला, नाव उलटली. जयवंत पहाटेपर्यंत घाटावर उभा राहिला. सकाळी नदीच्या वाळवंटात ती त्याला सापडली, मुठीत त्यानं दिलेली बकुळीची फुलं तशीच. मग तोही चालत पाण्यात गेला. आणि शेवटची ओळ होती, 'विधिलिखित कोणास चुकले आहे?'

मला त्या लिहिणाऱ्याचा असा राग आला, की तो समोर असता तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते. एवढं पुस्तकभर त्या पोरीला रडवलं, शेवटी नावेत बसवलं, आणि काठाला लावायला तेवढी शाई पुरली नाही? चुलीपुढे बसले तरी डोक्यात तेच. भाकरी करपली, आईनं बोल लावला. कौशीला आधीच सांगून टाकावं तर ती म्हणणार, झालं, मिळाला जबाब. न सांगावं तर उद्या दुपारी माझ्याच तोंडून तिला तो ऐकायचा होता. पुस्तक हरवलं म्हणावं, तर दिवाणजी माझं वाचणंच बंद करतील, आणि कौशी त्यातही अपशकुन बघेल. खोटं वाचायचं मनात आलं तसंच गेलं. लहानपणी पुस्तकाला पाय लागला तर आई नमस्कार करायला लावायची. छापील अक्षर म्हणजे सरस्वती. तिच्या तोंडी आपलं खोटं कसं घालायचं?

काहीच न ठरवता मी सकाळी निघाले. गिरणीच्या दारात सोपान उभा होता, पापण्यांपर्यंत पिठानं पांढरा. माझ्याशी तो कधी बोलत नसे. त्या दिवशी दोन पावलं पुढे आला.

"आज संपंल का पुस्तक?"

बघू, म्हटलं.

"कोनी बुडत नाय ना त्यात?" त्यानं विचारलं, आणि हातातलं माप या हातातून त्या हातात केलं. मी पुढे निघाले. मागे वळून बघायचा धीर झाला नाही.

दुपारी भाकरी खाऊन बाया पुन्हा ओळीत बसल्या. मी पुस्तक उघडलं, कपाळाला लावलं. झुंबरबाई म्हणाली, आता पूजा नको, नाव हाक. मी वाचायला लागले. वारा सुटला, वीज चमकली, नावाड्यानं देवाचं नाव घेतलं, सगळं जसं छापलंय तसं वाचत गेले. कौशीचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागून होता. तिचे हात चालत नव्हते. कापलेलं पान बोटांत धरून ती माझ्या तोंडाकडे बघत होती. समोर ठकूबाई, नेहमीसारखी मान खाली घालून, विड्यांवर विड्या वळत होती.

"'इतक्यात दोर तुटला,'" मी वाचलं.

पुढची ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. 'नाव उलटली.' दोनच शब्द. ते वाचायला श्वाससुद्धा घ्यावा लागला नसता.

"'पण,'" मी म्हटलं, आणि माझ्याच आवाजाचं मला भ्या वाटलं, "'पण तो नावाडी कच्च्या गुरूचा चेला नव्हता.'"

तिथून पुढे मला कुणी थांबवू शकलं नसतं. नावाड्यानं वल्हं टाकलं आणि बांबू रोवला. कुमुदिनीनं पदर खोचला आणि तीही बांबूला भिडली. पलीकडून जयवंतानं पागोटं सोडून फेकलं. झुंबरबाईनं मध्येच विचारलं, मास्तर तर टोपी घालायचा, पागोटं कुठून आलं? मी म्हटलं, पावसामुळे त्या दिवशी बांधलं होतं, पुस्तकात तसंच आहे. मग तिचं समाधान झालं. पागोट्याचं टोक कुमुदिनीच्या हाती लागलं आणि जयवंतानं नाव हात हात ओढत घाटाला लावली. मशालवाले अलीकडेच राहिले. पावसानं त्यांच्या मशाली विझल्या.

मी इथं थांबणार होते, पण बाया कुठल्या सोडतात. मग राहिली कुठं ती दोघं? खाल्लं काय? सासऱ्यानं पुन्हा त्रास दिला का? छापील भाषा माझ्या हातून सुटत चालली होती. जयवंताला दुसऱ्या गावात शाळा मिळाली, खोली मिळाली, कुमुदिनीनं तीन दगडांची चूल मांडली आणि पहिल्या दिवशी पिठलं केलं. इनामदाराची सून पिठलं करते, यावर झुंबरबाई इतकी खूश झाली की रडायलाच लागली. मी पुस्तकात डोळे खुपसून बोलत राहिले. 'ती दोघे सुखाने नांदू लागली' असं म्हणून पुस्तक मिटलं तेव्हा माझी चोळी घामानं भिजली होती.

मध्ये एकदाच मी मान वर केली होती, पागोटं फेकलं तेव्हा. ठकूबाई माझ्याकडे बघत होती. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. मग तिनं मान खाली घातली, दोरा दाताखाली धरला आणि तोडला.

त्या दिवशी माझं सूप भरून सांडलं. कौशीनं मात्र मला एक विडी दिली नाही. ती कधीच उठून गेली होती, टोपली न घेता, दळण न घेता, तशीच मोकळ्या हातांनी गिरणीकडे. बाया म्हणाल्या, आज गिरणीवर पीठ जाड येणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर हंडा लावला तर मागे ठकूबाई. तिच्याकडे भांडं नव्हतं.

"आमच्या वक्ताला ती बुडाली व्हती," ती म्हणाली.

हंडा भरून वाहू लागला तरी मी नळ बंद केला नाही. तिनंच पुढे होऊन केला.

हळूहळू तिनं सांगितलं. तिला बोलण्याची सवय नव्हती, एकेक वाक्य विहिरीतून काढल्यासारखं यायचं. ती या कारखान्यात नवी होती तेव्हा अंबूताई म्हणून एक बाई वाचायची. दिवाणजींच्या कपाटातलं हेच पुस्तक, तेव्हा पुठ्ठ्यासकट. त्या वेळच्या ओळीतली आता ठकूबाई एकटीच उरली होती. मी वाचायला लागले तेव्हा तिला आधी ओळख पटली नाही, पण जयवंतानं कुमुदिनीला बकुळीची फुलं दिली तशी पटली.

"तंबाखूच्या गाडीवर गनपत नावाचा मानूस व्हता," ती म्हणाली. "कौशी मांडीवर व्हती तव्हा. तिच्यासकट नेतो म्हनला. मी म्हनले, पुस्तक संपू दे."

कौशीला हे कौलाचं वेड कुठून आलं, याचा मी रात्रभर विचार केला होता.

"अंबूनं जसंच्या तसं वाचलं. मी त्याला नाय म्हनले. तो गेला निघून, मंग पुन्हा या बाजूला आला नाय." तिनं नळ आणखी घट्ट केला. "कौशी म्हनली पुस्तक काय म्हनंल ते, तव्हा मला बरं वाटलं. म्हनलं, मला कायला वाईट व्हायचं. पुस्तकच नाय म्हनंल तिला."

"मग काल बोलला का नाही, मावशी?" मी विचारलं. "तोंड तर उघडलं होतं तुम्ही."

"उघडलं व्हतं. सांगनार व्हते का ही पोरगी खोटं वाचतीये. वर तू पान उलटायचं विसरलीस. मला अक्षर येत नाय, पर पान किती वेळानं उलटतं ते कळतं. नाव काठाला लागली, घर झालं, चूल झाली, पिठलं झालं, आन् पान तेच." तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ठकूबाईला मी हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, म्हणून मला ते लगेच कळलं नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, चुकलं माझं, मावशी.

"चुकलं नाय. लिवलेलं बदलत नाय म्हनून मी सारा जन्म बसून ऱ्हायले. काल मपल्या डोळ्यांदेखत एका पोरीनं बदललं, आन् छप्पर काय कोसळलं नाय." तिनं माझा हंडा उचलला आणि माझ्या कमरेवर दिला. "सटवाई कपाळावर लिवती म्हंत्यात. ते बी कोनीतरी वाचूनच दाखवत आसंल. अंबूसारखी आसली तर आपली गत झाली. तुझ्यासारखी मिळाली तर निभतं."

कौशीला यातलं काही सांगायचं नाही, असं तिनं मला बजावलं आणि ती कारखान्याच्या दिशेनं चालू लागली. मी तिथेच उभी राहिले. मला गणपतचा विचार येत होता, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या मांडीवरच्या लेकराचा. अंबूताईची जीभ माझ्यासारखी असती तर, एवढंच राहून राहून मनात येत होतं.

पाट आमच्या रिवाजानं दिवस मावळल्यावर व्हायचा. जातीतल्या दोघा शहाण्यांनी वेळही ठरवली. पण आयुष्यभर चार शब्दांवर भागवलेली ठकूबाई त्या बैठकीत उभी राहिली. माझी लेक काय कुणाची कोंबडी चोरून नेतेय का, म्हणून तिनं विचारलं. लागला तर भर दुपारी लागेल, नाहीतर मी दोघांना गिरणीच्या दारात उभं करून स्वतः अक्षता टाकीन. शहाण्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांचंही दळण सोपानकडेच होतं.

भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, गिरणीच्या अंगणात पाट लागला. सवाष्णींनी पाठ करायची रीत होती. झुंबरबाईनं पहिली पाठ केली, मग म्हणाली, मला काही दिसत नाही, आणि वळून पुढेच येऊन बसली. तिच्यामागोमाग आमची सगळी ओळ वळली. सोपाननं त्या दिवशी अंघोळ दोनदा केली होती, तरी त्याच्या कानामागे पीठ होतंच. कौशीच्या डोक्यावरचा पदर सावरताना ठकूबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि मान एकदाच हलवली.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. झुंबरबाई गेली, मग ठकूबाईही गेली, नातवाला मांडीवर खेळवून गेली. माझंही लग्न झालं, कारखाना सुटला, आणि वाचायची सवय तेवढी राहिली. कौशीला मी कधी काही सांगितलं नाही. ठकूबाईला दिलेला शब्द होता, आणि शिवाय माझी जीभ आयुष्यात कुठंतरी जड व्हायला हवी होती.

मध्ये गावोगाव मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायचे वर्ग निघाले. गिरणी मुलानं हातात घेतलेली, कौशीला संध्याकाळ मोकळी, ती जाऊन बसली. आधी आपलं नाव लिहायला शिकली, मग सोपानचं, मग एस.टी.वरच्या पाट्या वाचायला लागली. दिवाणजींच्या मुलानं कपाट रिकामं केलं तेव्हा तिनं ते बिनपुठ्ठ्याचं पुस्तक मागून आणलं, हे मला माहीत नव्हतं.

एका दिवाळीत मी सिन्नरला गेले तर तिनं मला गिरणीच्या ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि आतून ते पुस्तक आणलं. मी चहाचा कप खाली ठेवला. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सोपान बसला होता, म्हातारा झालेला, आता केस पिठानं पांढरे की वयानं ते कळत नव्हतं. तो माझ्याकडे न बघता आपल्या कपातला चहा बशीत ओतत होता.

कौशीनं शेवटचं पान उघडलं, त्यावर बोट ठेवलं आणि ओळीवरून सावकाश फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं.

"शेवंते," ती म्हणाली, "हे बघ ना. इतकं चांगलं पुस्तक, आन् शेवटाला चुकीचं छापलंय मेल्यांनी."